रबरी चकतीचें उड्डाण

स्वयंपाकघरांतील पातेल्यावरचें झांकण घेऊन एखादा मुलगा तें अंगणांत नुसतें पुढें ढकलून देतो, तेव्हां तें दोन हात गेलें न गेलें तोंच कलंडतें आणि खणखणत खालीं पडतें. तेंच झांकण त्यानें मनगटाला झटका देऊन गरगर फिरत सोडलें, तर तें समोरच्या भिंतीपर्यंत आडवें तरंगत जातें. घरांतील वडील माणसें त्याला रागावतात, आणि तेवढ्यावर तो प्रयोग संपतो. परंतु त्या मुलाच्या हातून पदार्थविज्ञानांतील एक महत्त्वाचा नियम सिद्ध झालेला असतो. फिरणारी वस्तु आपला तोल सहजासहजीं सोडीत नाहीं, हाच तो नियम. या नियमावर अमेरिकेंत एक संपूर्ण खेळ उभा राहिला. आणि त्या खेळांत रबराची चकती आली तेव्हां एक मनोरंजक प्रश्न उत्पन्न झाला. आकार तोच, वजन तेंच. मग केवळ द्रव्य बदलल्यानें उड्डाण बदलतें काय?

त्या खेळाचें नांव डिस्क गोल्फ. साध्या गोल्फमध्यें काठीनें चेंडू मारून तो भोकांत घालावयाचा असतो. येथें काठीहि नाहीं आणि चेंडूहि नाहीं. खेळाडू हातानें चकती फेकतो, ती जेथें पडेल तेथून पुन्हां फेकतो, आणि अखेर दूर उभ्या केलेल्या खांबावरील टोपलींत ती पोंचवितो. टोपलीच्या वर लोखंडी साखळ्यांची झालर लोंबत असते. चकती तिच्यावर आदळली कीं साखळ्या खळखळतात आणि चकती टोपलींत पडते. ज्याच्या फेका थोड्या, तो जिंकला.

फ्रेड मॉरिसन या गृहस्थाची प्लास्टिकची चकती १९५७ सालीं व्हॅम-ओ कंपनीनें बाजारांत आणली, आणि पुढें ती फ्रिस्बी या नांवानें जगभर गाजली. याच कंपनींत काम केलेल्या एड हेड्रिक यानें १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह उद्यानांत डिस्क गोल्फचें पहिलें कायमचें मैदान आंखलें. साखळ्यांची टोपली ही त्याचीच कल्पना. आणि १९७६ सालीं खेळाडूंची संघटनाहि त्यानेंच स्थापन केली. त्यानंतरची मोठी सुधारणा १९८३ सालची. डेव्ह डनिपेस यानें चकतीचा बोथट कांठ उतरता करून पाचरीसारखा केला, आणि ती हवा कापीत पूर्वीपेक्षां पुष्कळ दूर जाऊं लागली. तेव्हांपासून खेळाडूच्या झोळींत निरनिराळ्या कांठांच्या चकत्या दिसूं लागल्या: लांब फेकीसाठीं रुंद व धारदार कांठाची, मधल्या पल्ल्यासाठीं मध्यम, आणि टोपलीजवळच्या हलक्या फेकीसाठीं जाड, गोलसर कांठाची. या शेवटच्या जातीला पटर म्हणतात. संघटनेच्या नियमाप्रमाणें चकतीचा व्यास निदान २१ सेंटिमीटर असावा लागतो, आणि व्यासाच्या दर सेंटिमीटरमागें ८.३ ग्रॅमहून अधिक वजन चालत नाहीं. म्हणजे २१ सेंटिमीटरच्या चकतीचें वजन फार तर १७४ ग्रॅम भरावयाचें.

आतां उड्डाणाकडे वळूं. हवेंतून पुढें सरकणाऱ्या चकतीला हवा खालून उचलून धरते. परंतु ही उचल नेमकी चकतीच्या मध्यावरच लागते असें नाहीं. चकती नुकतीच हातांतून सुटून वेगानें आडवी जात असते तेव्हां उचलीचा जोर मध्याच्या किंचित् मागें पडतो, आणि त्यामुळें चकतीचें नाक खालीं दबूं पाहतें. पुढें वेग मंदावतो, चकती खालीं येऊं लागते, आणि हवा तिला समोरून न लागतां अधिकाधिक खालून लागते. मग तोच जोर मध्याच्या पुढें सरकतो आणि नाक वर उचलूं पाहतो. न फिरणारें झांकण अंगणांत कलंडतें तें याच ओढाताणीनें.

फिरणाऱ्या चकतीची गोष्ट मात्र निराळी. भोंवरा कलला तरी तो तत्काळ आडवा होत नाहीं. आपल्या आरेभोंवतीं सावकाश डोलत राहतो, हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. याचें कारण असें कीं, फिरत्या वस्तूला एके ठिकाणीं दिलेल्या दाबाचा परिणाम त्या ठिकाणीं न दिसतां, फिरण्याच्या दिशेनें पाव वळसा पुढें दिसून येतो. उजव्या हाताचा खेळाडू हात छातीवरून आडवा नेऊन चकती फेकतो, तेव्हां ती वरून पाहणाऱ्याला घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतांना दिसते. अशा चकतीचें नाक हवा खालीं दाबूं लागली कीं प्रत्यक्षांत तिची उजवी बाजू खालीं जाते आणि ती उजवीकडे झुकते. शेवटीं हवा नाक वर उचलूं लागली कीं उजवी बाजू वर होते आणि चकती डावीकडे वळत जमिनीवर उतरते. आधीं थोडी उजवीकडे, मग सरळ, अखेर डावीकडे, असा एक लांबट नागमोडी मार्ग यांतून तयार होतो. डावऱ्या खेळाडूला हाच मार्ग आरशांतल्याप्रमाणें उलटा मिळतो. कोणती चकती उजवीकडे किती झुकेल आणि अखेर डावीकडे किती वळेल, हें मुख्यतः तिच्या कांठाच्या घडणीवर अवलंबून असतें. झाडांच्या मधून वाट काढावयाची, तर खेळाडूला हें वळण पाठ असावें लागतें.

या सर्व हिशेबांत द्रव्याचें नांव कोठेंहि आलें नाहीं, हें चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षांत आलेंच असेल. चकतीचा आकार काय, वजन किती आणि कोठें, वेग किती, फिरकी किती, एवढेंच हवा विचारते. ती कशाची घडविली आहे हें विचारीत नाहीं. मग रबराचा संबंध येतो कोठें? जेथें चकतीला कशाचा तरी स्पर्श होतो तेथें. प्रथम हाताचा, नंतर साखळ्यांचा, जमिनीचा आणि झाडांचा.

रबराच्या चकत्या प्रसिद्धीस आल्या त्या व्हिब्रम कंपनीमुळें. ही मूळची बुटांचे तळवे करणारी इटालियन कंपनी. तिचा संस्थापक विताले ब्रामानी हा स्वतः गिर्यारोहक होता. १९३५ सालीं आल्प्समधील एका दुर्घटनेंत त्याचे सहा सोबती दगावले. त्यानंतर खडकावर आणि बर्फावर पाय घट्ट रोंवणारा रबरी तळवा करण्याचा त्यानें ध्यास घेतला, आणि १९३७ सालीं तो तळवा तयार झाला. १९५४ सालीं इटालियन तुकडीनें के-टू हें शिखर सर केलें, तें हेच तळवे पायांत घालून. निसरड्या जागीं न घसरणें ही ज्या घराण्याची विद्या, त्यानें या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस चकत्या घडविण्यास आरंभ केला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत तयार होणाऱ्या या चकत्यांना नांवेंहि पायताणाच्या आणि डोंगराच्या बोलींतलीं मिळालीं: सोल म्हणजे तळवा, लेस म्हणजे बुटाची नाडी, रिज म्हणजे डोंगराची धार.

प्लास्टिकची चकती आणि रबरी चकती यांच्या जन्मांतच भेद आहे. प्लास्टिक वितळवून साच्यांत दाबानें भरतात. गार झालें कीं चकती तयार. तें मेणासारखें आहे; तापविलें कीं पुन्हां मऊ पडावयाचें. रबराची रीत भाकरीसारखी. कच्च्या रबराचा मळलेला गोळा साच्यांत दाबून तापविला म्हणजे त्याच्या अतिसूक्ष्म धाग्यांना एकमेकांशीं गांठी बसतात, आणि एकदां बसलेल्या या गांठी पुन्हां तापवून सुटत नाहींत. भाजलेल्या भाकरीचें पुन्हां पीठ होत नाहीं, तसेंच हें. रबर पक्कें करण्याची ही युक्ति चार्लस् गुडइयर यास १८३९ सालीं गंधक आणि उष्णता यांच्या संयोगानें सांपडली. निरनिराळ्या रंगांचें रबर साच्यांत एकत्र दाबल्यामुळें या चकत्यांवर संगमरवरासारख्या रेषा उमटत, आणि एक चकती दुसरीसारखी दिसत नसे.

आतां स्पर्शाचा विचार करूं. शाळेच्या बांकावर फूटपट्टी आणि खोडरबर शेजारीं शेजारीं ठेवून बांक थोडा तिरपा केला, तर पट्टी आधीं घसरते आणि खोडरबर जागच्या जागीं राहतो. हातांतहि तेंच घडतें. दंवानें भिजलेल्या गवतावरून उचललेली प्लास्टिकची चकती बोटांतून निसटूं पाहते. खेळाडू ती पुनःपुन्हां पंचानें पुसतो, तरी मनांत धाकधूक राहते आणि तो हात आंखडता घेतो. हात आंखडला कीं फिरकी कमी पडते, आणि फिरकी कमी पडली कीं हवेची ओढाताण लवकर वरचढ होते. रबर बोटांना धरून राहतें. म्हणून मनगटाचा झटका वायां न जातां फिरकींत उतरतो. रबरामुळें उड्डाण सुधारलें असें जें वाटतें, त्याचें मर्म हें आहे. हवेंत काहींच बदललेलें नसतें; बदललेला असतो तो हाताचा धीर.

याच गुणाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. प्लास्टिकची संवय असलेल्या हाताला रबरी चकती सुटतांना क्षणभर रेंगाळल्यासारखी वाटते, आणि पहिल्या कांहीं फेका भलतीकडे जातात. शिवाय लांब फेकींत कांठ ताठ असणें हिताचें असतें. फार मऊ कांठ जोराच्या झटक्यानें लवतो आणि चकती थरथरत निघते. म्हणून रबराचें खरें चीज झालें तें पटरमध्यें, जेथें जोर थोडा आणि नेमकेपणा फार लागतो.

साखळ्यांपाशीं मऊपणा उपयोगी पडतो. कठीण चकती जोरानें आदळली तर उसळून बाहेर येण्याची भीति असते. मऊ चकती तो धक्का स्वतःच्या अंगांत जिरविते आणि निमूटपणें खालीं टोपलींत बसते. नेम चुकून ती जमिनीवर पडली तरी गवताला धरून लवकर थांबते. टोपली जर उताराच्या टोंकावर असेल, तर या थांबण्याचें मोल फार. घसरणारी चकती उतारावरून चाकासारखी घरंगळत दूर जाते, आणि एका फेकीचें काम तीन फेकांवर जातें. मात्र कधीं कधीं खेळाडूला चकती जमिनीवर मुद्दाम घसरवून झाडामागें न्यावयाची असते. अशा वेळीं हेंच रबर त्याच्या आड येतें. चिकटण्याचा गुण हवा तेव्हां घ्यावा आणि नको तेव्हां टाकावा, अशी सोय द्रव्यांत नसते.

परंतु रबराची खरी परीक्षा काळ घेतो. प्लास्टिकची चकती झाडांवर, दगडांवर आपटून आपटून कांठाला चेंबते, आणि कांठ बदलला कीं उड्डाण बदलतें. नवी असतांना इमानानें डावीकडे वळणारी चकती जुनी झाल्यावर उजवीकडे अधिक झुकूं लागते. कित्येक जाणते खेळाडू या बदलाचाहि उपयोग करतात: एकाच जातीच्या नव्या, मध्यम आणि जुन्या अशा तीन चकत्या बाळगून तीन प्रकारचीं वळणें साधतात. रबर आपटलें तर दबतें आणि पुन्हां पूर्ववत् होतें. त्यामुळें रबरी चकतीचें वळण वर्षानुवर्षें फारसें बदलत नाहीं. ज्याला मुरलेली चकती हवी, त्याला यांत उणीव वाटेल. ज्याला काल पाठ केलेलें वळण आज आणि उद्यांहि तसेंच हवें, त्याला हा मोठा आधार वाटेल.

या आधारालाहि शेवट आला. सुमारें दहा वर्षांच्या कामानंतर, २०१८ च्या सुमारास, व्हिब्रमनें चकत्यांचा धंदा आवरला. प्लास्टिकची निकामी चकती वितळवून नवी घडवितां येते. पक्क्या रबराची तशी सोय नाहीं. ज्या गांठींनीं त्या चकतीला न बदलण्याचें बळ दिलें, त्याच गांठी तिला दुसरा जन्म मिळूं देत नाहींत. तेव्हां ज्यांच्याजवळ त्या चकत्या उरल्या, त्यांच्यापुढें एक छोटासा पण खरा पेंच उभा राहिला. टोपली तळ्याच्या पलीकडे आहे. नेम चुकला तर चकती पाण्यांत बुडणार, आणि तशी दुसरी सहज मिळणार नाहीं. झोळींत एक साधी प्लास्टिकची चकतीहि आहे. कोणती फेकावी?

जपून ठेवलेली चकती बुडणार नाहीं हें खरें. पण ती उडणारहि नाहीं. दहा वर्षें ज्या वळणावर भरंवसा ठेवला, तो नेमका तळ्याच्या कांठावर काढून घ्यावयाचा, तर मग तो भरंवसा कशासाठीं कमावला? आणि दुसरी चकती हातांत घेऊन भीत भीत फेकली, तर आंखडत्या हाताचें फळ काय मिळतें, तें वर आलेंच आहे. म्हणून ज्याला तिची किंमत कळली, तो ती ओली बोटें पुसून हातांत घेईल, टोपलीकडे एकदां पाहील, आणि मनगटाचा पुरा झटका देऊन सोडून देईल. पुढचें काम हवेचें.