दोन लिप्या, एकच मेंदू

१८८७ साली पॅरिसमधल्या एका सुशिक्षित गृहस्थांचं वाचन अचानक गेलं. डोळ्यांना दिसत होतं. माणसं ओळखू येत होती, वस्तूंची नावं सांगता येत होती, आकडेही वाचता येत होते. कागद पुढे ठेवला की ते सरळ लिहू लागत. पण लिहिलेला तोच कागद थोड्या वेळाने हातात दिला, तर स्वतःचंच अक्षर त्यांना लागत नसे. मग ते बोटाने अक्षराचं वळण गिरवत. हाताला ते कळलं की तोंडातून उच्चार येई. १८९२ मध्ये ते वारले आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या जूल देजरीन यांनी त्यांचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, मागच्या भागात जुनी इजा होती. शिवाय मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांना जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या पट्ट्याचं मागचं टोकही बिघडलेलं होतं. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला दिसलेलं अक्षर डाव्या भागातल्या भाषेपर्यंत पोचतच नव्हतं.

लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्याशा काळात उत्क्रांती मेंदूत वाचनाचं वेगळं केंद्र घडवू शकत नाही. तरीही चिनी वाचा, हिब्रू वाचा की मराठी, शब्द ओळखण्याचं काम डाव्या मेंदूच्या तळाशी, मागच्या बाजूला, जवळजवळ त्याच ठिकाणी चालतं. लोराँ कोएन आणि स्तानिस्लास देहेन या मेंदूशास्त्रज्ञांनी २००० सालापासून या जागेचा कसून अभ्यास केला. देहेन यांचं म्हणणं असं, की चेहरे आणि वस्तूंचे आकार ओळखणाऱ्या जुन्या यंत्रणेचाच एक तुकडा अक्षरांसाठी कामाला लावला जातो.

पण नेमका तोच तुकडा का? झेनेप सायगिन आणि सहकाऱ्यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूतली तंतूंची जोडणी स्कॅन करून ठेवली. तीच मुलं आठ वर्षांची होऊन वाचू लागल्यावर पुन्हा तपासली. पाचव्या वर्षीची जोडणी पाहून आठव्या वर्षी वाचनाची जागा कुठे तयार होईल हे सांगता आलं! पहिलं अक्षर गिरवण्याआधीच तिथपर्यंतचे रस्ते आखलेले होते. २०१६ सालचं हे संशोधन मला या साऱ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

आता दोन भाषा वाचणाऱ्यांचं काय? २०२३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी अतिशक्तिशाली एमआरआय यंत्राने ही जागा मिलिमीटरच्या बारकाईने पाहिली. ती एकसंध नाही, छोट्या छोट्या ठिपक्यांची आहे. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही वाचणाऱ्यांमध्ये हे ठिपके दोन्ही भाषांना सारखेच प्रतिसाद देत होते. इंग्रजी आणि चिनी वाचणाऱ्यांमध्येही बहुतेक ठिपके सामाईक होते, पण काही फक्त चिनीसाठी जागे होत, आणि ते चेहऱ्यांनाही प्रतिसाद देत. म्हणजे या जागेत भाषेपेक्षा अक्षरांच्या रूपाला महत्त्व असावं. तसं असेल तर मराठी आणि हिंदी इथे एकाच घरात नांदत असणार, असा माझा तर्क आहे.

देवनागरीची गंमत आणखी वेगळी. ‘किती’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी डोळ्याला क-च्या आधी भेटते, जिभेवर मात्र क-नंतर येते. उकार खाली, मात्रा वर, काना उजवीकडे. ऱ्हस्व वेलांटीच्या शब्दांना किंचित जास्त वेळ लागतो, असं हिंदी वाचकांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या अभ्यासात तर देवनागरी वाचताना डाव्या भाषाकेंद्रांबरोबर उजवीकडचा वरचा भागही काम करताना आढळला. जागेचं, दिशेचं भान ठेवणारा हा भाग. आपण ‘किती’ सहज वाचून पुढे जातो, तेव्हा आत एवढी हालचाल होते.

आणि वाचनाने मेंदूत होणारा बदल लहानपणीच व्हायला हवा असंही नाही. कोलंबियात बंदूक खाली ठेवून मुख्य प्रवाहात परतलेले माजी गनिमी सैनिक प्रौढपणी वाचायला शिकले. २००९ मध्ये त्यांच्या मेंदूची तुलना अजून निरक्षर असलेल्या साथीदारांशी केली, तेव्हा देजरीन यांना बिघडलेलं दिसलं होतं तेच पट्ट्याचं मागचं टोक या नवसाक्षरांमध्ये जास्त भरीव आढळलं. लखनौजवळच्या खेड्यांत तर कधीही शाळेत न गेलेल्या प्रौढांना, त्यात बहुतेक स्त्रियाच, सहा महिने हिंदी लिहा-वाचायला शिकवलं आणि आधी व नंतर स्कॅन घेतले. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरता असेल अशी अपेक्षा होती. तो खोलवर, थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभापर्यंत पोचला होता. नजर कुठे वळवायची, कशावर लक्ष द्यायचं हे ठरवणारी ही प्राचीन केंद्रं आता दृष्टिकेंद्राशी अधिक ताळमेळाने चालत होती, आणि ज्यांचा ताळमेळ जास्त जुळला, त्यांचं वाचनही जास्त चांगलं होतं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. त्यातल्या बऱ्याच जणी तिशीच्या आसपासच्या होत्या.