कुंभाराचे चाक आणि तीन शास्त्रे

महाराष्ट्रातले कुंभार ही एक जात, की अनेक? जुन्या नोंदींत थोरचाके कुंभार आणि लहानचाके कुंभार अशी नावे सापडतात. एकाचे चाक मोठे, दुसऱ्याचे लहान. दोघेही मातीच घडवणारे, पण सोयरीक आपापल्यातच. एका मोठ्या जातीचे तुकडे पडत जाऊन अशा पोटजाती झाल्या, हा समज अभ्यासकांतही रूढ होता आणि मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा कलही तिकडेच होता. त्यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी तो नाकारला. ज्या गटात मुली दिल्या-घेतल्या जातात तो गट हीच जात. ‘कुंभार’ हे धंद्यावरून पडलेले नाव आणि ते लावणारे गट मुळातच निरनिराळे, असे त्यांचे म्हणणे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी नातेसंबंध, चालीरीती, अवजारे, इतकेच काय, शरीराची मोजमापेही गोळा केली. माणूस कोणाला आपला मानतो, हे त्याच्या घरापर्यंत जाऊन पाहणारे हे मानवशास्त्र.

पण सोयरिकीचे वर्तुळ कळले म्हणून गाव कळत नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या लेखनात रामपुरा या नावाने येणाऱ्या म्हैसूरकडच्या गावात ते १९४८ साली राहिले. तिथे धार्मिक मानात ब्राह्मण वर, पण शब्द चाले तो ओक्कलिग शेतकऱ्यांचा. संख्या त्यांची, जमीन त्यांची, तंटे तोडणारी वडीलधारी माणसेही त्यांचीच. ‘प्रभावी जात’ ही संकल्पना अशा निरीक्षणांतून उभी राहिली. इथे प्रश्न एका गटाचा नाही, गटागटांमधल्या संबंधांचा आहे आणि तो समाजशास्त्राचा. राज्यशास्त्र याच्याही पुढे जाते. रजनी कोठारी आणि ऋषिकेश मारू यांनी गुजरातेतल्या क्षत्रिय सभेचा अभ्यास केला. राजपूत आणि कोळी-बारिया यांच्यात मानाचे अंतर मोठे, तरी मतपेटीच्या राजकारणात ‘क्षत्रिय’ या एका नावाखाली ते संघटित झाले. लग्नाच्या याद्या तपासणाऱ्याला हा गट दिसलाच नसता, आणि आमदारकीच्या हिशेबात तोच सगळ्यांत ठळक होता. जात म्हणजे काय, या प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत. कारण तिघांनी विचारलेले प्रश्नच वेगळे होते. म्हणून ही शास्त्रे एकात एक कालवून शिकवू नयेत, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, या भिंती मुळात कृत्रिम आहेत. ‘आदिवासी’ मानवशास्त्राकडे आणि ‘सुधारलेले’ समाजशास्त्राकडे ही साम्राज्यांच्या काळातली वाटणी. ते मान्य करायला हवे. घुर्ये स्वतः केंब्रिजला रिव्हर्स या मानवशास्त्रज्ञाकडे शिकले होते. पण टाकायची ती माणसांची वाटणी, प्रश्नांची नव्हे. दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे: इथे प्रयोग नाही, अभ्यासक त्याच समाजातला, मग याला शास्त्र का म्हणायचे? कर्व्यांच्या मोजमापांवर आज कोणी जातींचे मूळ ठरवणार नाही, हे खरेच. मात्र त्याच कर्व्यांनी बर्लिनमध्ये कवट्यांवर प्रबंध लिहिताना आपल्या मार्गदर्शकाच्या वंशवादी गृहीतकाला आधार सापडत नाही, असा निष्कर्ष मांडला होता. पुराव्यापुढे गुरूचेही न चालणे, ही शास्त्राची खूण मला पुरेशी वाटते. शिवाय प्रयोग नसला तरी मांडणीला बाहेरून दुजोरा मिळू शकतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी मांडले होते, की आधी मिसळलेला समाज पुढे बेटीबंदीने कप्प्यांत बंद झाला आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही तो कप्पा बंद ठेवण्याची साधने होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी उपखंडातले समूह मोठ्या प्रमाणावर मिसळले आणि नंतर ती सरमिसळ आटत गेली, असे दाखवले. आटली हे जनुके सांगतात. त्यासाठी कोणत्या बायकांचे आयुष्य वेठीला धरले गेले, हे आंबेडकरांच्या निबंधात वाचावे लागते.

हे तीन प्रश्न आता जनगणनेतही समोर येणार आहेत. सर्व जातींची देशभरातली शेवटची प्रसिद्ध मोजणी १९३१ ची. पुढच्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. प्रगणक दारात उभा राहील, तेव्हा त्या घराने ‘कुंभार’ सांगायचे, आपली सोयरीक जिथे होते त्या गटाचे नाव सांगायचे, की ज्या नावाने सवलत आणि प्रतिनिधित्व मिळते ते? पहिल्या उत्तराने यादी आटोपशीर होईल, दुसऱ्याने हजारो नावांची. तिसऱ्याने आकडे राजकारणाच्या कामी येतील, पण त्यांत कोण कोणाच्या घरी मुलगी देतो ते दिसणार नाही.