संगणकातील रेडिओ : ऐकण्याची सुरुवात कोठून करावी?

अमेरिकेचा ‘नोआ-१५’ हा हवामान उपग्रह ऑगस्ट २०२५ मध्ये कायमचा बंद करण्यात आला. त्याआधी जूनमध्ये ‘नोआ-१८’ आणि ऑगस्टमध्येच ‘नोआ-१९’ सेवेतून निवृत्त झाला होता. हे तिन्ही उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पृथ्वीची छायाचित्रे साध्या ध्वनिसंकेतांच्या रूपात पाठवीत असत. सॉफ्टवेअर रेडिओ शिकणाऱ्या हौशी मंडळींचा पहिला धडा पुष्कळदा त्यांच्यापासूनच सुरू होई. जुन्या मार्गदर्शिकांत तो धडा आजही तसाच आहे. तो वाचून कोणी गच्चीवर अँटेना उभारली, तर त्याच्या कानी केवळ खरखर पडेल. त्यामुळे नवशिक्याने आता कोठून प्रारंभ करावा, हे सांगणे आवश्यक झाले आहे.

नेहमीच्या रेडिओत स्थानक निवडणे, नको असलेले संकेत गाळणे आणि लहरींतून आवाज वेगळा काढणे, या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र विद्युत मंडल असते. सॉफ्टवेअर रेडिओत मात्र अँटेनेने पकडलेल्या लहरींचे लवकरात लवकर अंकांत रूपांतर केले जाते आणि पुढील कामे संगणकातील आज्ञावली गणिताच्या साहाय्याने पार पाडते. एफएम ऐकवणारे यंत्र उपग्रहाचे चित्र उतरवण्यासाठी बदलावे लागत नाही. आज्ञावली बदलली की पुरते. ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संज्ञा अमेरिकी अभियंते जोसेफ मिटोला यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. परंतु सामान्यांच्या हाती हे तंत्र आले ते २०१२ मध्ये, आणि तेही काहीसे अनपेक्षितपणे. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त डोंगलमधील रिअलटेक कंपनीची चिप लहरींचे कच्चे अंक थेट संगणकाकडे पाठवू शकते, हे काही जिज्ञासूंच्या लक्षात आले. त्यातून ‘आरटीएल-एसडीआर’ या नावाने ओळखले जाणारे उपकरण घडले.

या डोंगलची झेप साधारणपणे २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत असते आणि ते सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने व्यवस्थित पुरवते. म्हणजेच एका वेळी जवळजवळ २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पडद्यावर दिसतो. ‘दिसतो’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वर्णपटाच्या आलेखाखाली रंगीत रेषांचा एक ‘धबधबा’ सतत सरकत असतो आणि प्रत्येक प्रक्षेपण त्यात आपला ठसा उमटवते. ऐकण्यापूर्वीच पाहावयाचा हा रेडिओ आहे.

मात्र खरेदीपूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आकाशवाणीची मध्यम लहरींवरील केंद्रे २४ मेगाहर्ट्झच्या कितीतरी खाली आहेत. ती ऐकण्याच्या आशेने साधे डोंगल आणणाऱ्याचा विरस होतो. त्यासाठी वेगळा परिवर्तक जोडावा लागतो किंवा ती सोय असलेली नवी आवृत्ती घ्यावी लागते. तशी जोडणी केल्यास आकाशवाणीचे डीआरएम पद्धतीचे अंकीय प्रक्षेपणही संगणकावर उलगडता येते. ‘ड्रीम’ ही मुक्त आज्ञावली त्याच कामासाठी आहे. ज्यांना एक रुपयाही खर्च न करता अनुभव घ्यायचा आहे, त्यांनी नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा ग्राहक संच इंटरनेटवरून फिरवून पाहावा. तो २९ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी ऐकवतो.

डोंगल हाती आल्यावर पहिली चाचणी एफएमवरच करावी. मुंबईत १०७.१, दिल्लीत १०२.६, पणजीत १०५.४ मेगाहर्ट्झवर आकाशवाणीचे एफएम रेनबो आहे. विंडोज असल्यास ‘झॅडिग’ या साधनाने योग्य चालक बसवावा आणि ‘एसडीआर प्लस प्लस’सारखी विनामूल्य आज्ञावली उघडावी. संकेताची वाढ नियंत्रित करणारी सरकपट्टी थेट टोकाला नेण्याचा मोह आवरावा. शहरातील प्रबळ एफएम केंद्रे मग नको त्या ठिकाणी भुतासारखी उमटू लागतात आणि नवशिक्याला तो नवा शोध वाटतो.

खरा फरक पडतो तो अँटेनेने. महागडा संच घेऊन त्याला खिडकीआतली वीतभर तार लावणे म्हणजे पैसा भलत्याच जागी घालणे होय. हिशोब सोपा आहे : ३०० या संख्येला मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १३७ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २.१९ मीटर येते. तिच्या चौथ्या भागाहून किंचित आखूड, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन सळया १२० अंशांच्या कोनात आडव्या बसवल्या की उपग्रहांसाठी उत्तम अँटेना तयार होते. याच पट्ट्यात रशियाचे ‘मेटिऑर-एम’ मालिकेतील उपग्रह अंकीय स्वरूपात चित्रे पाठवतात आणि ‘सॅटडंप’ ही आज्ञावली ती उलगडते. काम नोआपेक्षा थोडे कठीण आहे, पण चित्र अधिक स्पष्ट मिळते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून हौशी नभोवाणीचे संकेत १४५.८ मेगाहर्ट्झवर येतात. काही विशेष प्रसंगी त्यांतून चित्रेही धाडली जातात. स्थानक जवळ येताना वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झने वाढलेली आणि दूर जाताना तितकीच घटलेली असते. पाठ्यपुस्तकातील डॉप्लर परिणाम धबधब्यात वक्र रेषा होऊन उतरतो.

पण उपकरणाला ऐकू येते ते सर्व ऐकण्याची मुभा कायदा देत नाही. सार्वजनिक प्रक्षेपणे आणि हौशी नभोवाणी ही एक गोष्ट. पोलीस, संरक्षण दले किंवा खासगी व्यक्ती यांचे संदेश ही सर्वस्वी दुसरी. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार बेकायदा संदेश टिपणे हा दंडनीय अपराध आहे. आरटीएल-एसडीआर केवळ ग्रहण करते. प्रक्षेपण करू शकणारे संच वापरायचे असल्यास दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा देऊन हौशी नभोवाणीचा परवाना मिळवावा लागतो. शाळकरी मुलांनाही वयाच्या १२ व्या वर्षानंतर ही परीक्षा देता येते.