घंगाळावरची दोन नावे

पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. गेल्या बावीस वर्षांतले माझे बहुतेक रविवार तिथे गेले. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. आलेला माल मोजायचा, कुठून आला ते लिहायचे आणि मग तो फळीवर ठेवायचा, हे तिथे अंगवळणी पडले. त्याच सवयीने बाजारातही वही घेऊन जाऊ लागलो. तिथे नाणी, घड्याळे, कॅमेरे, ग्रामोफोनच्या तबकड्या शोधणारे पुष्कळ भेटतात. मी शोधतो ती पितळेची आणि तांब्याची भांडी, आणि त्यातही नाव घातलेली.

भांड्यावर नाव घालण्याची आपली पद्धत इतकी घरगुती आहे की तिच्याकडे कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. तिच्यामागे सरळ व्यवहार होता. लग्नामुंजीत शेजारपाजारची पातेली, पराती, घागरी गोळा व्हायच्या. कार्य उरकले की ज्याचे त्याला परत जायला हवे. आहेराच्या भांड्यावर मात्र मालकाबरोबर देणाऱ्याचेही नाव येई, कधी प्रसंग आणि तिथी येई. आतल्या बाजूला कल्हई व्हायची, म्हणून मजकूर बाहेरून, काठाखाली किंवा कडीजवळ. अशा एका ओळीत चार-पाच गोष्टी बसतात: कोणाला, कोणाकडून, कशानिमित्त, कधी, आणि क्वचित कुठे.

ही ओळ इतकी मोलाची का, हे मला अमेरिकेतल्या भाचीमुळे कळले. तिकडे गराज सेल असतो, म्हणजे नांदते घर आपले नकोसे सामान शनिवार-रविवारी दारात मांडते. दुसरा असतो इस्टेट सेल. घरातले माणूस गेले की सबंध घराला किमतीच्या चिठ्ठ्या लागतात, आणि गिऱ्हाईक स्वयंपाकघरापासून माळ्यापर्यंत हिंडून खरेदी करते. भाचीने अशा एका घरातून शिवणाचे यंत्र घेतले. यंत्र ज्या खिडकीशी होते ती खिडकी तिने पाहिली होती. शेजारच्या खणातले दोऱ्यांचे रीळ आणि कपड्यांचे कागदी बेतही तिने उचलले. वस्तू कोणाची, हे तिला कोणाला विचारावे लागले नाही.

आपल्याकडे हे होत नाही. गेलेल्या माणसाच्या वस्तू त्याच्याच दारात मांडून विकायच्या, ही कल्पना आपल्याला सोसवत नाही. त्यामुळे वाडा पाडायला निघाला की सामान घेणारा येतो, सगळे उक्ते ठरवतो आणि टेम्पो भरून नेतो. मग वाटणी होते. सागवानी खांब आणि दारे जुन्या लाकडाच्या वखारीत, कागद रद्दीत, तांबेपितळ मोडीत. त्यातून जे बरे दिसते तेवढे जुन्या बाजारात येते. एका घराच्या वस्तू आठवड्याभरात चार दिशांना जातात आणि वस्तूमागचा पत्ता त्या टेम्पोतच पडतो. भांड्यावर घातलेले नाव हा त्या पत्त्याचा उरलेला तुकडा असतो.

तो वाचायचा कसा? आधी भांडे पाहावे. हाताने घडवलेल्या जुन्या भांड्यावर हातोडीचे ठोके दिसतात. पुण्याच्या तांबट आळीत आजही होणारे मठारकाम ते हेच. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि चकाकतो. दोन भाग जोडलेले असतील तर आतून दातेरी सांधा सापडतो. साच्यात दाबलेल्या यंत्राच्या भांड्यात यातले काही नसते. मग अक्षर पाहावे. जुने नाव छिन्नी आणि हातोडीने, टिंबाला टिंब जोडून घातलेले असते. विजेच्या यंत्राने घातलेले नाव बारीक आणि वळणदार, कागदावर लिहिल्यासारखे दिसते. स्टीलच्या भांड्यांवर आपण पाहतो ते हे. वर्षानुवर्षे राखेने आणि चिंचेने घासलेल्या अक्षरांच्या कडा गुळगुळीत होतात. बोटाला टोचणारे अक्षर आणि काळवंडलेले भांडे एकत्र दिसले की मी सावध होतो.

शेवटी भाषा. शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवावे. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर बहुधा ७९. काळ दिलेला नसेल तेव्हा शुद्धलेखन मदतीला येते. ‘नांव’, ‘लग्नांत’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले. नाव घालणारा कारागीर नियम पाठ करून बसलेला नसतो, जुनी सवय पुढेही टिकते, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. पण ‘रा. रा.’, ‘यांजकडून’, ‘हिजला’ असे शब्द, टिंबांचे अक्षर आणि दातेरी सांधा एकत्र आले की अंदाज सहसा चुकत नाही.

सहसा म्हणालो, कारण माझी सर्वांत मोठी चूक याच पद्धतीने झाली. काही वर्षांपूर्वी बाजारात तांब्याचे एक घंगाळ मिळाले. मोडीच्या भावापेक्षा थोडेच जास्त पैसे पडले. काठाखाली टिंबांच्या अक्षरात एका मुलीचे नाव, ‘हिजला लग्नांत मामाकडून’ एवढा मजकूर आणि वैशाख शके १८५६, म्हणजे १९३४. त्याच्या खाली वेगळ्या हाताने घातलेले दुसरे नाव होते: ‘सौ.’ लावलेले, आडनावासह, आणि नाव पूर्ण निराळे. (दोन्ही नावे इथे देत नाही, घर नांदते आहे.) मी वहीत लिहिले, ‘मालक दोन. पहिल्या घरातून दुसऱ्या घरी विकले गेले असावे.’ वर आणखी शहाणपण केले, ‘विक्रीचे कारण आर्थिक अडचण?’

विकणाऱ्याला मी नेहमीप्रमाणे विचारले, “कुठल्या घरातनं आलं?” तो म्हणाला, “पेठेतला वाडा होता, साहेब. नाव कोण विचारतंय?” पुढच्या रविवारी चहा पाजून पुन्हा विचारले, तेव्हा वाड्याच्या कोपऱ्यावरचे मारुतीचे देऊळ त्याला आठवले. तेवढ्यावर वाडा सापडला. अर्धा पाडलेला होता, दर्शनी भिंतीवर बिल्डरचा फलक. शेजारच्या किराणा दुकानातून घरच्या मंडळींचा फोन मिळाला.

साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी घंगाळाचे फोटो पाहिले. खालचे नाव वाचून म्हणाले, “ही आमची आजी.” वरचे वाचून म्हणाले, “ही कोण, ठाऊक नाही. आमच्यात या नावाचं कोणी नव्हतं.” माझी नोंद खरी ठरते आहे असे वाटून मी खूश झालो होतो. तेवढ्यात त्यांनी आपल्या आत्याला फोन लावला. आत्याबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या. फोनवर नाव वाचून दाखवल्यावर पलीकडे काही क्षण कोणी बोलले नाही. मग आवाज आला, “अरे, आईच ती! माहेरचं नाव ते तिचं. मामा आले की त्याच नावानं हाक मारायचे. ते गेल्यावर नाही कोणी मारली.”

दोन मालक नव्हतेच. एकच बाई होती. लग्नाआधी मामाने घालून दिलेले नाव वर, आणि सासरी बदललेले नाव खाली. लग्नात मुलीचे पाळण्यातले नाव बदलायची रीत मला ठाऊक नव्हती का? माझ्या आईचेही बदललेले होते. तरी दोन नावे दिसली की दोन माणसे धरायची, ही स्टोअरची सवय आड आली. सासरच्या घरात कागदोपत्री खालचेच नाव होते. नातवाला वरचे कधी ऐकायलाही मिळाले नव्हते. ते दोन ठिकाणी शिल्लक होते: एका वृद्ध लेकीच्या आठवणीत आणि मोडीच्या वाटेवर असलेल्या तांब्यावर. घंगाळ मी त्यांना परत देऊ केले. फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही, म्हणाले. आत्याबाईंनी मात्र त्या अक्षरांचा कागदावर ठसा मागून घेतला. पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली की तो सहज निघतो.

सामान्य घरातल्या वस्तू जपाव्यात, हे पुण्याला नवे नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी जन्मभर जमवली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले. पण प्रत्येक घागर संग्रहालयात जाणार नाही, जायची गरजही नाही. वस्तू जाईल, तिच्यावरचा मजकूर राहू शकतो. परदेशातल्या मुलांसाठी आजीचे भांडे पाठवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की १९७२च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. फोटोला आणि ठशाला अशी अडचण नाही.

आता माझ्या घरचे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आईने माहेरचा तांब्याचा हंडा मोडीत घातला आणि स्टीलचे ताटवाट्यांचे सेट आणले. कल्हई नको, घासाघीस नको, म्हणून ती आनंदात होती आणि तिचे चुकले असे मला आजही वाटत नाही. हंड्याची एक कडी धरून मी दुकानापर्यंत गेलो होतो. काठाखाली टिंबांची अक्षरे होती, ती बोटांना लागत होती. मला वाचता येत होते, पण मी वाचली नाहीत. आईचे माहेरचे नाव मला ठाऊक आहे. हंडा तिला कोणी दिला, कधी दिला, ते ठाऊक नाही, आणि आता सांगणारे कोणी उरले नाही. तो हंडा तेव्हाच वितळला असणार. तरी हंडा दिसला की मी काठाखाली बोट फिरवून पाहतो.

हा अंक हाती येईल तेव्हा अभ्यंगस्नानासाठी काही घरांत माळ्यावरचे घंगाळ खाली आले असेल. ते घासून झाले की उजेडात तिरके धरा आणि काठाखाली काय आहे ते वाचा. नाव असेल तर कागदावर उतरवा, आणि ते कोणाचे हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारा. मग भांडे ठेवा किंवा द्या.