पोटावरची पिशवी आणि परतीचं ऑपरेशन

गुदाशयाचा कर्करोग निघाला की घरची माणसं डॉक्टरांना आधी विचारतात, ‘पोटावर पिशवी लावणार का?’ पनवेलजवळच्या नेऱ्यात वाकून भातलावणी करणाऱ्याला तर पिशवी म्हणजे सगळं संपलं असंच वाटतं. पण अनेकांची पिशवी तात्पुरती असते, आणि ती लावण्याचं काम आता बऱ्याचदा दुर्बिणीने होतं, काढतानाही कधी कधी दुर्बीण उपयोगी पडते.

गुदाशयाचा रोगट भाग काढून आतडं जोडलं की तो जोड भरून यायला वेळ लागतो. तोवर मळ तिथे पोचू नये म्हणून लहान आतड्याचा एक वळसा पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर काढतात. हाच स्टोमा. तो लालसर, ओलसर दिसतो आणि हात लावला तरी दुखत नाही. दुर्बिणीने करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ५ ते १२ मिलिमीटरच्या छिद्रांतून काम चालतं. मोठा छेद टळतो, वेदना कमी होतात, आतडी एकमेकांना कमी चिकटतात. मुंबईत डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढलं, तेव्हापासून हे तंत्र आपल्याकडे रुजत गेलं.

माझ्या मते दुर्बिणीइतकीच मोलाची आहे शस्त्रक्रियेआधी स्टोमाच्या जागी केलेली पेनची खूण. रुग्णाला बसवून, वाकवून, साडी किंवा लुंगी कुठे बांधतो ते पाहून जागा ठरवायची असते. जागा चुकली तर पिशवी सतत गळते आणि माणूस घराबाहेर पडेनासा होतो.

जोड भरल्याची तपासणी करून साधारण दोन-तीन महिन्यांनी वळशाचा स्टोमा बंद करतात. केमोथेरपी असेल तर थांबावं लागतं. हे काम बहुधा स्टोमाभोवतीच्याच छेदातून होतं, दुर्बीणही लागत नाही. तातडीच्या हार्टमन शस्त्रक्रियेत आतडं लगेच न जोडता एक टोक पोटावर आणतात; नंतर मात्र पोटात मिटवून ठेवलेलं दुसरं टोक शोधून जोडायचं असतं. तिथे दुर्बिणीचा खरा उपयोग होतो. आतडी फार चिकटलेली असतील तर पोट उघडावं लागतं, तेच सुरक्षित. गुदद्वाराचे स्नायू काढावे लागले, तर पिशवी कायमची.

लहान आतड्याच्या स्टोमातून पाणी आणि मीठ झपाट्याने जातं. उन्हाळ्यात मूत्रपिंडावर ताण येतो. पिशवी वारंवार भरू लागली, लघवी कमी झाली, तर नुसतं पाणी पीत बसू नका. जलसंजीवनी घ्या आणि लगेच डॉक्टरांना गाठा.

टाटा मेमोरियल सेंटरची खारघरची संस्था पनवेल तालुक्यातच आहे. उपचार कुठेही घ्या, पण संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: पिशवी तात्पुरती की कायमची, बंद कधी करणार, आणि खूण कोण करणार?