बियाँड द पेल

सभ्य समाजाने मान्य केलेल्या आचारमर्यादेपलीकडचे, कदापि खपवून घेता न येण्याजोगे वर्तन वा वक्तव्य दर्शविणारा इंग्रजी भाषेतील एक प्रचलित वाक्प्रचार. त्याचा शब्दशः अर्थ ‘कुंपणापलीकडे’ असा होतो. किरकोळ अशिष्टपणाला अथवा केवळ नियमभंगाला तो सहसा लावीत नाहीत. ज्या कृत्यामुळे ते करणारी व्यक्ती समाजात वावरण्यासच अपात्र ठरते, अशा कृत्याविषयी तो योजतात. मराठीतील ‘ताळतंत्र सोडणे’, ‘पातळी सोडणे’ हे प्रयोग अर्थाने त्याला जवळचे आहेत.

‘पेल’ हा शब्द ‘जमिनीत रोवलेला खुंट’ या अर्थाच्या ‘पालुस’ या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘पॅलिसेड’ (मेढेकोट) व ‘इंपेल’ (सुळावर चढविणे) हे शब्द याच मुळाचे होत. ‘फिकट’ या अर्थाचा इंग्रजी ‘पेल’ हा शब्द मात्र उच्चाराने व लेखनाने सारखा असला, तरी तो वेगळ्या लॅटिन शब्दापासून आलेला असून त्याचा या वाक्प्रचाराशी संबंध नाही. खुंट, खुंटांचे कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा आणि अखेरीस एखाद्या सत्तेच्या अंमलाखालील प्रदेश, असा या शब्दाचा अर्थविस्तार होत गेला.

प्रदेशवाचक अर्थाची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. एक फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅलेचा परिसर. तो १३४७ ते १५५८ या काळात इंग्लंडच्या ताब्यात होता. दुसरे आयर्लंडमधील डब्लिनभोवतीचा मुलूख. बाराव्या शतकात आयर्लंडमध्ये शिरलेल्या इंग्रज सत्तेचा प्रत्यक्ष अंमल पंधराव्या शतकाच्या अखेरीस डब्लिन, मीथ, किल्डेअर व लाउथ या परगण्यांच्या काही भागांपुरता उरला होता. त्यापूर्वीच, १३६६ मध्ये, किलकेनीच्या कायद्यांनी इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश लोकांशी विवाहसंबंध ठेवण्यास, तसेच आयरिश भाषा व रीतिरिवाज अंगीकारण्यास मनाई केली होती. एडवर्ड पॉयनिंग्ज या राजप्रतिनिधीने १४९४ मध्ये ड्रॉहेडा येथे भरविलेल्या संसदेने सरहद्दीवर सहा फूट उंचीचे दुहेरी बांध घालण्याचे फर्माविले. सलग तटबंदी मात्र कधीच उभी राहिली नाही. या बांधांचे काही अवशेष किल्डेअर परगण्यात अद्याप दिसतात.

या हद्दीपलीकडील आयरिश लोक इंग्रजांच्या दृष्टीने रानटी होते. म्हणून वाक्प्रचाराचा उगम येथेच झाला, असे सर्रास सांगितले जाते. ही उपपत्ती आकर्षक असली, तरी कालक्रम तिच्या विरुद्ध जातो. ‘पेल’ शब्दाचा लाक्षणिक वापर पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. परंतु तो धर्मसंस्था किंवा आचारनियम यांच्या संदर्भात असून त्यात आयर्लंडचा उल्लेख नसतो. ‘बियाँड’ या शब्दाशी त्याची जोड अठराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखनात दिसते. तोपर्यंत सर्व आयर्लंड इंग्रजी सत्तेखाली येऊन या हद्दीचे राजकीय महत्त्व संपून शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. शिवाय, कशाचे कुंपण हे आरंभीच्या प्रयोगांत स्पष्ट सांगितलेले असते. डिकिन्झच्या पिक्‌विक पेपर्स (१८३६–३७) या कादंबरीतही ‘समाजाच्या कुंपणापलीकडे’ असाच प्रयोग आहे. हे विशेषण गळून पडून केवळ ‘कुंपणापलीकडे’ एवढाच प्रयोग पुढे रूढ झाला. विशिष्ट ठिकाणच्या हद्दीवरून वाक्प्रचार निघाला असता, तर हा क्रम याच्या उलट अपेक्षित होता. त्यामुळे कुंपणाच्या सर्वसामान्य कल्पनेतूनच तो घडला असावा, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

रशियन साम्राज्यातील ज्यूंच्या वसाहतपट्ट्यालाही इंग्रजीत ‘पेल’ म्हणतात. कॅथरिन दुसरी हिच्या १७९१ च्या हुकुमाने त्याचा पाया घातला गेला आणि १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीनंतर तो रद्द झाला. काही सवलतपात्र वर्ग वगळता ज्यूंना या पट्ट्याबाहेर कायम वास्तव्य करता येत नसे. आयर्लंडमध्ये कुंपणाच्या आत राज्यकर्ते होते. रशियात आत कोंडले गेले ते ज्यू. कुंपणाची कोणती बाजू मानाची, हे दोन्हीकडे कुंपण घालणाऱ्यानेच ठरविले. रशियन पट्ट्याचे हे इंग्रजी नाव वाक्प्रचार रूढ झाल्यानंतरचे असल्याने त्याचा उगम तेथे शोधता येत नाही.

वसाहतकाळात या वाक्प्रचाराला वंशभेदाचीही छटा आली. रड्यर्ड किपलिंगच्या १८८८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या एका कथेचे हेच शीर्षक आहे. इंग्रज पुरुष व तरुण हिंदू विधवा यांच्या गुप्त प्रेमसंबंधाची ही कथा असून मर्यादाभंगाची अधिक क्रूर शिक्षा तीत स्त्रीच्या वाट्याला येते : तिचे दोन्ही हात तोडले जातात.

मराठीत हद्दीच्या कल्पनेवर आधारलेले दोन प्रयोग तुलनेसाठी घेता येतात. ‘लक्ष्मणरेषा ओलांडणे’ यातील रेषा आतील व्यक्तीच्या रक्षणासाठी आखलेली आहे व ती ओलांडणे हे तिचे स्वतःचे कृत्य ठरते. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द मात्र अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वस्तीचे स्थान सांगतो. तेथील माणसाने कोणतीही मर्यादा मोडलेली नसते. जन्मामुळेच त्याला बाहेर ठेवलेले असते. इंग्रजी वाक्प्रचार आज पहिल्या प्रकारात मोडतो. आयर्लंड व रशिया येथील प्रत्यक्ष हद्दींचा इतिहास दुसऱ्या प्रकाराशी मिळताजुळता आहे.

कुंपण या अर्थाचा ‘पेल’ हा शब्द आधुनिक इंग्रजीत विरळ झाला असून पुष्कळांना तो या वाक्प्रचारातूनच ठाऊक असतो. त्यामुळे त्याच्या जागी ‘बादली’ या अर्थाचा समोच्चारी शब्द लिहिण्याची चूकही आढळते. आयर्लंडमध्ये मात्र डब्लिन व त्याच्या आसपासच्या भागाला आजही बोलण्यात ‘पेल’ म्हणतात आणि उर्वरित परगण्यांतील लोकांच्या तोंडी त्या उल्लेखात बहुधा थट्टेचा किंवा नाराजीचा सूर असतो.