बँकेत रिपोर्ट देण्याआधी एकदा एफ 7 दाबा!



फेब्रुवारी 2023 मध्ये उस्मानाबाद शहराचं आणि सप्टेंबर 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. लेटरहेड, कोटेशन, प्रोजेक्ट रिपोर्ट सगळीकडे पत्ता बदलायचा. सोपं वाटतं ना? कंट्रोल एच दाबलं, ‘रिप्लेस ऑल’ केलं, काम झालं!

थांबा. समजा तुमचा शेळीपालनाचा इंग्रजी प्रोजेक्ट रिपोर्ट आहे. ‘रिप्लेस ऑल’ केलं की ‘उस्मानाबादी शेळी’ची ‘धाराशिवी शेळी’ होते. अशी जात नोंदीतच नाही! जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीची जात उस्मानाबादीच राहिली. कर्ज मागताय 50 शेळ्यांसाठी आणि जातीचं नावच चुकलं, तर अधिकारी पुढचे आकडे कोणत्या नजरेने वाचेल?

म्हणून त्याच खिडकीत ‘फाइंड होल वर्ड्स ओन्ली’ वर टिक करा आणि एकेक शब्द बघत ‘रिप्लेस’ करा. जुन्या दाखल्याचा किंवा बिलाचा उल्लेख असेल, तर त्यावर छापलेलं नाव तसंच ठेवा.

आता मराठीकडे येऊ. बरेच जण म्हणतात, “सर, वर्डमध्ये मराठी टाइप केलं की सगळीकडे लाल रेघा येतात.” कारण साधं आहे. मजकूर मराठी, पण वर्ड तो दुसऱ्याच भाषेचा समजून तपासतोय. हे करा:

1. सगळा मराठी मजकूर सिलेक्ट करा.
2. ‘रिव्ह्यू’ टॅबमध्ये ‘लँग्वेज’, मग ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ उघडा.
3. ‘मराठी’ निवडा. ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ वर टिक असेल तर काढा.
4. एफ 7 दाबा. मराठीचं प्रूफिंग टूल नाही असा मेसेज आला, तर ते आधी डाउनलोड करून घ्या.

एक अट आहे. मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीवाल्याकडून कृतिदेवमध्ये टाइप करून आणलेला ‘मराठी’ हा शब्द कॉम्प्युटरसाठी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. तो बिचारा काय तपासणार? मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये युनिकोडने टाइप करून मागा.

लाल रेघ म्हणजे चूकच, असंही नाही. परंडा, उमरगा, कुंथलगिरी, तुमच्या ब्रँडचं नाव हे शब्द त्याच्या यादीत नसू शकतात. राइट क्लिक करून ‘ॲड टू डिक्शनरी’ करा. पण आधी स्पेलिंग स्वतः नीट बघा. एकदा चुकीचा शब्द यादीत गेला, की त्याखाली पुन्हा रेघ येणार नाही.

आणि रेघ नाही म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. ‘उद्घाटन दिन’च्या जागी ‘उद्घाटन दीन’ छापलं तर? दोन्ही शब्द खरेच आहेत, पण ‘दीन’ म्हणजे गरीब! मराठी व्याकरणही वर्ड तपासत नाही. ‘शेळ्या विकली’ लिहिलं तरी तो गप्प बसेल. 5 च्या जागी 50 पडले तरी गप्पच.

म्हणून शेवटची तपासणी माणसाचीच. प्रिंट काढा आणि घरातल्या कोणालातरी मोठ्याने वाचायला सांगा. नावं, पत्ता, मोबाइल नंबर आणि रक्कम यांवर बोट ठेवून बघा. पाचशे पत्रकं छापून झाल्यावर सापडलेली चूक पैसे खाते, छापण्याआधी सापडलेली फक्त दहा मिनिटं.

आज एकच काम करा: तुमचं लेटरहेड उघडा आणि एफ 7 दाबा.